‘कसं वाटतंय’ विचारायची फी

प्रिय फ्लोरावन्संना,

सेडीचा सप्रेम नमस्कार. (वाकूनच केला असता, पण वाकले की मला उठवायला कुणीतरी लागतं, आणि तुमचा भाऊ आत्ता घरात नाही.) तुमचा गुडघा कसा आहे? तुमच्या मांजरीच्या दाताचं काय झालं? तिकडे बॉस्टनला अजून झाडांवर पानं असतील; इकडे समुद्रावरून असा वारा सुटलाय की दोरीवरची चादर शेजारच्या कुंपणावर जाऊन वाळते. तुम्ही भावासाठी पाठवलेला स्वेटर लॉकीला छान बसला. पोटावरची बटणं लागत नाहीत, पण तो स्वेटरचा दोष नव्हे. बाकी इथे सगळं ठीक. म्हणजे छत गळत नाही, बटाटे काढून झाले आणि आम्ही दोघं अजून एकमेकांशी बोलतो. पत्राला उशीर झाला त्याची माफी असावी. हल्ली हातात पेन धरायचाही कंटाळा येतो. ताटल्या धुऊन खुर्चीत बसते ती अंधार पडेपर्यंत बसूनच राहते.

मागे तुम्ही फोनवर विचारलंत, “लॉकी गोळ्या वेळेवर घेतो ना गं?” तेव्हा मी “हो” म्हणाले. तो माझ्या शेजारीच उभा होता, दुसरं काय म्हणणार? त्या “हो”चा खुलासा करायला हे पत्र लिहितेय. हृदयाचं झाल्यापासून त्याला तीन गोळ्या आहेत, आणि हॅलिफॅक्सच्या मोठ्या डॉक्टरांनी त्याला डोळ्यांत डोळे घालून सांगितलं होतं की एकही चुकवायची नाही. लॉकीने मान डोलावली होती. (तुमच्या भावाने मान डोलावली म्हणजे काय, ते तुम्ही माझ्याआधीपासून जाणता.)

डॉक्टर सॅम्पसन होते तोवर गोळ्या हा विषयच नव्हता. गोळ्या संपत आल्या की त्यांच्या दवाखान्यात जॅनेटला फोन करायचा, ती म्हणायची “तेच ना? बरं,” की संध्याकाळी विल्फ्रेडच्या औषधाच्या दुकानात पुडी तयार. विल्फ्रेड पुडीबरोबर गावातल्या बातम्याही द्यायचा, त्याचे वेगळे पैसे पडत नसत. आता डॉक्टर पश्चिमेकडे लेकीकडे राहायला गेले, आणि नव्या डॉक्टरसाठी अख्खं गाव सरकारी यादीत नाव लावून बसलंय. कुणी देवाघरी गेलं की आपला नंबर वर सरकतो, त्यामुळे लॉकी हल्ली मयताला जरा उत्साहानेच जातो. विल्फ्रेडनेही दुकान विकलं. तिथे आता देशभर दुकानं असलेल्या एका मोठ्या साखळीची निळी पाटी लागलीय. औषधं पार मागच्या भिंतीला, आणि तिथवर पोचायला शांपू, वाढदिवसाची कार्डं आणि भोपळ्याच्या आकाराच्या मेणबत्त्या ओलांडून जावं लागतं. गुडघे दुखणाऱ्या माणसाचं गुडघ्याचं मलम सगळ्यात लांब ठेवलंय.

तर मे महिन्यात गोळ्या संपल्या आणि आम्ही दोघं त्या भिंतीपाशी पोचलो. तिथे पांढऱ्या कोटातली एक गोड मुलगी उभी होती. आता आपल्या बेटावर माणसाने माणसाला पहिला प्रश्न कोणता विचारायचा ते ठरलेलं आहे, आणि लॉकीने तो विचारला.

“कुणाची गं तू?”

“ॲन मेरीची, आजोबा.”

“कुठली ॲन मेरी?”

“जो स्टॅनलीची ॲन मेरी.”

“अगं मग आधी नाही का सांगायचं! तुझा आजा आणि मी एकाच पाळीला खाणीत उतरायचो. त्याचा डबा मी खायचो आणि शिव्या तो खायचा!”

पोरगी हसली. मॅडलिन तिचं नाव. मग ती म्हणाली की डॉक्टर नसले तर गोळ्या पुढे चालू ठेवायची चिठ्ठी ती स्वतःच देऊ शकते, आणि तिने विचारलं, “कसं वाटतंय तुम्हाला?” वन्सं, लॉकीला असं विचारू नये. त्याने पाठीपासून सुरुवात केली, मग बर्फावरून पडला होता ते सांगितलं, मग तुमचं अपेंडिक्स (ते कुठून आलं मला कळलं नाही), आणि आमच्या मागे रांग वाढदिवसाच्या कार्डांपर्यंत गेली. सगळं ऐकून तिने यंत्रावर बोटं चालवली आणि आकडा सांगितला. गोळ्यांचे पैसे वेगळे, आणि वर प्रत्येक औषधामागे आणखी एक फी.

“ही कशाची?” लॉकीने विचारलं.

“तपासणीची, आजोबा. कंपनीचा नियम आहे. दर वेळी पुढे चालू करताना लागते.”

“पण तपासलं कधी तू मला?”

पोरगी कानापर्यंत लाल झाली. “आत्ता विचारलं ना... कसं वाटतंय म्हणून.”

“म्हणजे ‘कसं वाटतंय’ विचारायचे पैसे? आणि तेही तीनदा? मग मी एवढं उत्तर दिलं त्याचे पैसे मला कोण देणार?”

रांगेतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. लॉकीने गोळ्यांचे तेवढे पैसे मोजून ठेवले, पुडी उचलली, “आजाला माझा रामराम सांग,” म्हणाला आणि चालू पडला. त्याच्या हिशेबी विषय मिटला होता. जो स्टॅनलीची नात आपल्याकडून असले पैसे कसे घेईल? आपल्याकडे एकदा नातं लागलं की भाव करायचा नसतो, हे त्या पोरीला माहीत होतं. यंत्राला माहीत नव्हतं. त्या गुरुवारी चर्चच्या हॉलमध्ये पत्त्यांचा, टारबिशचा डाव रंगला असताना जोने सहज सांगितलं की नातीने ती फी स्वतःच्या पगारातून भरली.

लॉकीने हातातले पत्ते उलटे टाकले. (चांगले पत्ते होते. मी त्याची जोडीदार होते, म्हणून सांगते.) घरी आल्यावर जाहीर केलं की त्या दुकानात तो पुन्हा पाऊल टाकणार नाही. गेला तर एक तर कंपनीला फी द्यावी लागेल, नाही तर ती पोरगी देईल, आणि दोन्ही त्याला चालणार नाही. मग तुमच्या वडिलांची गोष्ट निघाली. मोठ्या संपात खाणकंपनीने आपल्या दुकानातली उधारी बंद केली, पोरं उपाशी राहिली, आणि विशीतल्या तुमच्या वडिलांनी चारचौघांबरोबर त्या दुकानाचं दार फोडलं, ती गोष्ट तुम्हाला मी काय सांगणार? तुम्ही ती पाळण्यात ऐकलीय. (त्यांनी तिथून आणलेले दोन्ही बूट डाव्या पायाचे निघाले, हे लॉकी सांगत नाही. मला ते सासूबाईंनी सांगितलं.) “ज्याच्या बापाने कंपनीच्या दुकानाचं दार फोडलं,” लॉकी म्हणाला, “तो त्याच दारातून पाकीट काढत आत जाणार?” मी म्हटलं, “अरे, ते दुकान वेगळं, ही कंपनी वेगळी.” तो म्हणाला, “कंपन्या सगळ्या एकच असतात, सेडी.”

मग त्याने तेच केलं जे खाणीतला माणूस करतो. संघटना काढली. टारबिशच्या टेबलाभोवती बसणाऱ्या सगळ्यांना रक्तदाबाच्या नाही तर हृदयाच्या गोळ्या आहेतच. कुणाच्या जास्त उरल्यात, कुणाच्या संपल्यात. तेव्हा सगळ्यांनी आपापल्या गोळ्या आइसक्रीमच्या एका रिकाम्या डब्यात ठेवायच्या आणि ज्याला कमी पडतील त्याने उचलायच्या, म्हणजे फी कमी वेळा भरावी लागेल. संपाच्या काळात खाणकामगार पीठ आणि साखर अशीच वाटून घ्यायचे म्हणे. मी म्हटलं, पीठ कुणाचंही असलं तरी पाव होतो, गोळ्यांचं तसं नसतं. तर जो स्टॅनली, डावातला बेनी आणि तुमचा भाऊ, तिघांनीही माझ्याकडे मी संप फोडायला आल्यासारखं पाहिलं. लॉकी अध्यक्ष झाला. डबा आमच्या फ्रिजवर राहायला आला.

जुलैत फिडल वाजवणारा मर्डो गेला. खांदा द्यायला सहा जण, त्यात अध्यक्ष. सकाळी डब्यातून त्याने पांढरी गोल गोळी घेतली, आणि ती निघाली बेनीची पायांची सूज उतरायची, म्हणजे लघवीची. तुम्हाला ती दफनभूमीची चढण आठवते ना? अर्ध्या चढणीवर लॉकीचा चेहरा बदलला. मला वाटलं मित्रासाठी गहिवरलाय. तेवढ्यात तो फादर ॲलनना म्हणाला, “फादर, जरा धरता?” आणि मर्डोच्या पेटीचा कोपरा त्यांच्या झग्यावर सोपवून झुडपांकडे पळाला. प्रार्थना संपेपर्यंत तो तीनदा गेला. मर्डोची बायको मला नंतर सँडविच देताना म्हणाली, “लॉकीचा फार जीव होता गं त्याच्यावर, उभं राहवत नव्हतं त्याला.” मी सँडविच खाल्लं. खरं सांगायची ताकद नव्हती माझ्यात.

इथवर हसण्यासारखं होतं. ऑगस्टच्या शेवटी एका दुपारी मी खिडकीतून पाहिलं तर तुमचा भाऊ बटाट्यांच्या वाफ्यात बसलेला. मी धावत गेले (माझं धावणं तुम्ही पाहिलंय). ओठ पांढरे, कपाळ गार. “काय करतोयस?” म्हटलं. तर म्हणाला, “कीड बघतोय.” त्याच्या मुठीत एक पान होतं आणि त्यावर कीड नव्हती. त्या आठवड्यात त्याच्या तीनपैकी दोन गोळ्या डब्यात नव्हत्याच. कुणीतरी उचलल्या होत्या आणि अध्यक्षांना मागायचा संकोच वाटला. वन्सं, मला भीती वाटली. पन्नास वर्षं या माणसाच्या घोरण्याला नावं ठेवली, आता ते थांबलेलं मला नको आहे.

असो. रडगाणं फार झालं. आपली तब्येत सांभाळा. चर्चमधल्या सगळ्या जणी तुमची आठवण काढतात. ओटची बिस्किटं वेगळ्या डब्यातून पाठवतेय. थोडी करपलीत, तेव्हा चहात बुडवून खा.

तुमची,
सेडी

ता. क. : मुख्य राहिलंच. तुम्ही रविवारी चर्चमधल्या मिस्सेनंतर लॉकीला फोन करून खरपूस झापा. तो फादरचं ऐकत नाही, डॉक्टरांचं ऐकत नाही, माझं तर त्याला ऐकूच येत नाही. पण तुम्ही त्याला लहानपणी कान धरून शाळेत नेलंय, आणि तुमचा आवाज आला की अजून तो टोपी काढतो. मी लिहिलंय असं सांगू नका. स्वप्न पडलं म्हणा.

ता. क. २ : तुमच्यापासून काय लपवायचं? त्या बटाट्याच्या दुपारनंतर मी गुपचूप दुकानात जाऊन त्याची फी भरली आणि गोळ्या आणून डब्यात टाकल्या. तेव्हापासून तसंच चाललंय. डबा रिकामा होत नाही म्हणून अध्यक्षांची छाती फुगलीय. “बघ, एकी असली की काय होतं!” असं मलाच ऐकवतो. आणि एकदा गोळी डब्यात पडली की ती संघटनेची, म्हणून बेनीला देतो, जोला देतो आणि स्वतः एक दिवसाआड घेतो. म्हणून तुमचा फोन हवाय. पैशांचं विचाराल तर बँकेचा हिशेब तोच बघतो, तेव्हा माझ्या बिंगोच्या पैशांतून भागवते. त्यात दोघांचं बसत नाही. म्हणून माझ्या थायरॉइडच्या गोळ्या तेवढ्या सध्या राहू दिल्यात. मला काय होतंय?

ता. क. ३ : चिकटवलेलं पाकीट फोडून लिहितेय. दुपारी मी बटाटे आणायला तळघरात उतरले असताना फोन वाजला आणि लॉकीने उचलला. मॅडलिन होती. सेडीआजींनी ऑगस्टपासून स्वतःच्या गोळ्या नेल्या नाहीत, फक्त तुमच्याच नेतात, आजी बऱ्या आहेत ना, असं विचारत होती बिचारी. मी वर आले तर हा फोन हातात धरून उभा.

“सेडी, तुझ्या गोळ्या कुठायत?”

मी बटाटे ओट्यावर ठेवले.

“आणि माझ्या इतके दिवस कोण आणतंय?”

मी बटाटे सोलायला घेतले. त्याने फोन जागेवर ठेवला. “गाढव!” म्हणाला. मग म्हणाला, “तू नाही गं, मी.” कोट चढवला, गाडी काढली आणि गेला. तासाभराने आला. दोघांच्याही गोळ्या, दोघांच्याही फीसकट. माझी गोळी माझ्या हातावर ठेवून, मी पाणी पिईपर्यंत समोर उभा राहिला. मग स्वतःच्या तिन्ही घेतल्या.

तेव्हा वन्सं, फोन जरूर करा आणि ठरल्याप्रमाणे झापाही, पण या रविवारी नको, पुढच्या रविवारी. आत्ता तो कोट-टोपीसकट खुर्चीत झोपलाय, घोरतोय, आणि मला काही त्याला उठवायचं नाही.