सातत्याची वही

३ जून
आले एकदाची! पोरगी सिनेमात गेली, हे आईने गल्लीभर सांगितलंय. घरातली पहिली पदवीधर, त्यात हे काम. सातत्याची वही माझ्याकडे आहे. दोन शॉटमध्ये कप इंचभर सरकला तरी पडद्यावर चूक दिसते, म्हणून कप कुठे, पडदा किती उघडा, सगळं टिपायचं. स्मरणशक्तीच्या जोरावरच इथवर आले, आता तिचा खरा उपयोग. शूटिंगच्या घरात खाली सेट, वर माझी खोली. मेकअपवाले काका मला ‘वहीताई’ म्हणू लागलेत. माझे उरलेले चार केसही मोजून टिपून ठेव, म्हणाले.

५ जून
मानसिक थरारपट कसा रचतात, ते दिग्दर्शक सरांनी समजावलं. भूत लागत नाही म्हणाले. आधी एखादी वस्तू जागची हलते. बाई सांगते, कुणी ऐकत नाही. मग तिला स्वतःचीच शंका येते. शेवटी दार: ती निघणार, तोच ते बाहेरून उघडतं. वहीतल्या पसंत पडलेल्या नोंदीपुढे ते लाल पेन्सिलीने बरोबरची खूण करतात. आज माझ्या पानावर सात खुणा! नायिका अजून आलेली नाही. प्रकाशयोजना ठरवताना तिच्या जागी मीच उभी राहते.

८ जून
वहीत लिहिलंय, घड्याळ खिडकीच्या डावीकडे. आज ते उजवीकडे. सरांना दाखवलं. ते शांतपणे म्हणाले, “बाळ, दमलीस तू. घड्याळ पहिल्यापासून तिथेच आहे.” काका मान खाली घालून ब्रश पुसत राहिले. एवढी साधी गोष्ट मी चुकेन? चुकले असेन, तर या कामाला मी लायक नाही. घरी कुठल्या तोंडाने जाऊ?

९ जून
माझ्या खोलीतला आरसा समोरच्या भिंतीवर गेलाय. नायिका कधी येणार, असं काकांना विचारलं. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच म्हणाले, “घरी जा, वहीताई. मागच्या जिन्याच्या दाराची किल्ली टाकीमागे असते.” तेवढ्यात सर आले. काका लगेच हवापाण्याचं बोलू लागले.

११ जून
उशीखाली ठेवलेली ही रोजनिशी आज टेबलावर सापडली. कुणीतरी ती वाचतंय. खात्री करायची म्हणून एक गोष्ट खोटीच लिहिते: कान तुटलेल्या निळ्या कपाची मला लहानपणापासून भीती वाटते.

१२ जून
निळा कप. कान तुटलेला. माझ्या उशाशी.
म्हणजे मी वेडी नाही. बरं वाटलं, खरंच. मग कालचं पान उघडलं.
कालच्या नोंदीपुढे लाल खूण आहे.

१३ जून, दुपार
सगळे जेवायला गेलेत. आरसा काढला. मागे भिंतीत भोक. भोकात कॅमेऱ्याचं भिंग. नायिका येणारच नाही. ती आलेली आहे—
निघते. किल्ली टाकीमागून, मागचा जिना, चारची गाडी—
हे लिहिलं मी. सवयीने. इथेच.
पान फाडायला हवं—

पुढच्या पानावर आजची तारीख. लाल पेन्सिलीत. सरांचं अक्षर.
काका किल्ली सांगतात. खूण.
ती आरसा काढते. खूण.
ती पान फाडू पाहते. खूण. ही आत्ता—
खाली एकच ओळ. शेवटी दार.
तिच्यापुढे खूण अजून ना