रुंद टायर आणि मागे सरलेले आसन

बाळा,

तुझी निद्रा मोडवेना, म्हणून लिहून ठेवतो. गाडीची किल्ली मी नेत आहे. मेकॅनिकला घेऊन येतो. जुनी अरुंद चाकेच पुन्हा बसवावीत, असा माझा निश्चय झाला आहे. तोवर गॅरेजचे दार उघडू नये.

तुझी निवड चुकली असे मी म्हणत नाही. ज्या वळणावर तुझे वडील गाडीसह घसरून मरण पावले, तिथे रुंद टायर रस्ता घट्ट धरतील, हा तुझा विचार योग्यच होता. काल संध्याकाळी गॅरेजमध्ये टायर चढवून झाल्यावर तू हौसेने म्हणालास, "आजोबा, हात तर लावा! नव्या टायरला रबराचे केस असतात. गाडी पळाली की झडतात." त्यानंतर किल्ली माझ्याच उशाखाली होती.

आज सकाळी ते केस झडलेले आहेत, आणि तेही एकाच बाजूचे. जणू गाडीने एक दीर्घ वळण घेतले. चालकाचे आसन पार मागे सरले आहे. तिथून तुझे पाय पेडलपर्यंत पोहोचत नाहीत. तुझ्या वडिलांचे पोहोचत असत.

टायर त्याला पसंत पडले आहेत. आता तो तुला फेरीला बोलावील. गॅरेजमधून ओळखीची हाक आली, तरी ओ देऊ नकोस.

— आजोबा