कोठी बिकाऊ है

१२ नोव्हें. १९७८
सूदबाईंच्या बंगल्याच्या फाटकाला पाटी बांधली. 'कोठी बिकाऊ है', खाली माझं नाव आणि घरचा फोन. ऑफिस आहे कुठे! हवाई दलातून सुटलो, नागपूरला जायचं सोडून चंडीगढमध्येच दलाली मांडली. बाई विधवा, मुलगी कॅनडात. वर दीर राहतो, त्याला घर विकायला नकोय. पाटी बांधताना गच्चीतून बघत होता. नमस्कार केला, त्याने घेतला नाही.

१५ नोव्हें.
फोन नीताने उचलला. "पापा, कोई है, पर बोलता नहीं." पोरगी मराठी समजते, उत्तर हिंदीत. लाइन खराब असेल म्हणालो. म्हणालो खरा.

१८ नोव्हें.
आज बोलला. फोन बायकोने, सुमनने घेतला होता. "बोर्ड उतरवा दो. आपकी बेटी कौन से स्कूल जाती है, हमें पता है." रिसीव्हर ठेवून सुमन पोळ्या लाटायला बसली. कणीक संपली तरी लाटणं हातातच. माणूस कोण असणार ते कळतंय. पोलिसांना काय सांगू? ऐकलंय फक्त हिने.

घाबरलोय. एकाहत्तरला तळावर भोंगा वाजायचा तेव्हाही एवढा नव्हतो. तेव्हा उडी मारायला खंदक तरी होता.

१९ नोव्हें.
उद्यापासून नीताला मी सोडणार, मीच आणणार. ती फुगून बसलीय. "सब हँसेंगे." हसू देत.

२१ नोव्हें.
सकाळी खालून घरमालक ग्रेवालसाहेबांची हाक. "गोरे साब, मेरी कोठी कब से बेच रहे हो जी?" खाली गेलो. सूदबाईंची पाटी आमच्या फाटकाला. तार माझीच, पीळ दुसऱ्याचा. शेजारी भाव विचारून गेले म्हणे. म्हातारा खो खो हसत होता. मीही हसलो आणि पाटी सोडवून घेतली. म्हणजे घरही माहीत आहे त्या दिराला.

सुमन म्हणाली, "अहो, सोडा हे एक घर. आपलं काय अडलंय?" ठरलं. सोडतो.

२२ नोव्हें.
बाईंना सांगायला गेलो. बराच वेळ दार उघडेना. आतून कडी, कडीला खाट टेकवलेली. मी तोंड उघडायच्या आतच त्या म्हणाल्या, "भाईसाहब, बोर्ड कहाँ गया? बोर्ड था तो लोग कोठी देखने आते थे, वो नीचे नहीं उतरता था. कल शाम दरवाज़े पर खड़ा रहा. बोला कुछ नहीं."

इतके दिवस मला वाटत होतं, पाटी गिऱ्हाइकांसाठी आहे. जे सांगायला गेलो ते राहिलंच. चहा घेऊन परत आलो.

२३ नोव्हें.
सुमनला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "निदान नंबर तरी खोडा." म्हटलं, त्याचा तो पाठ झालाय, खोडून अडेल ते गिऱ्हाईकच. त्यावर ती उठली आणि पाटी फडक्याने पुसून माझ्या हातात दिली. तिचेही डोळे भरले होते, माझेही.

२४ नोव्हें.
पाटी परत बांधली. दीर गच्चीत होताच. या खेपेला नमस्कार केला नाही. तारेला जास्तीचे पीळ दिले. बाई खिडकीतून बघत होत्या.

संध्याकाळी फोन वाजला, आम्ही तिघंही उठलो नाही. गिऱ्हाईक असेल तर? बाईंकडे कुणी यायला तर हवं.

पुन्हा वाजतोय. नीता उठली. तिला बस म्हटलं. मीच घेतो.