भिजलेली पट्टी

लालबाग,
९ फेब्रुवारी २०२५

चि. आकांक्षास,
अनेक आशीर्वाद.

ताप उतरला का? बाळ झोपू देतं का? फोन उचलत नाहीस, म्हणून स्वप्नीलरावांच्या हाती डब्याबरोबर ही चिठ्ठी देते आहे. डब्यात पेज आहे, डॉक्टरीणबाई खायला परवानगी देतील तेव्हाच घे.

सकाळी हॉस्पिटलात डॉक्टरीणबाईंना भेटून आले. काल त्यांनी विचारलं, टाक्यांची पट्टी भिजली होती का? मी पटकन 'नाही' म्हटलं. तू माझ्याकडे पाहिलंस आणि तोंड फिरवलंस. आज खरं सांगितलं, रोज भिजत होती. त्या खूप चिडल्या. दुपारी जखम उघडून साफ करणार आहेत. मला फार भीती वाटते आहे.

शेजारच्या सुभद्राकाकींच्या सुनेचं सिझर झालं तेव्हा मीच गॅलरीत उभं राहून म्हणाले होते, हल्लीच्या मुलींना कळा सोसवत नाहीत. मग तुझ्याच पोटात बाळाचे ठोके मंदावले. ऑपरेशन झालं म्हणून तुम्ही दोघी वाचलात, आणि मी मजल्यावर बर्फी वाटताना 'नॉर्मल' सांगून मोकळी झाले!

ते खोटं निभवायचं म्हणून तुला मोरीत बसवून कढत पाण्याने न्हाऊ घातलं, ओल्या पट्टीवरच लुगडं आवळून पोट बांधलं. "आई, दुखतंय गं," म्हणालीस, तर मी म्हणाले, "हळू बोल, काकी बाहेर आहेत." कसली आई मी? लाज वाटते गं.

काकींना आज सगळं सांगितलं. म्हणाल्या, "अगो, तू बोललंस, तेच्यानंतर माझी सून महिनोभर गॅलरीत इली नाय." मला मान वर करवेना.

वडाळ्याला विहीणबाईंनाही फोन केला. पहिलं बाळंतपण माहेरीच, म्हणून मी हट्टाने तुला आणलं होतं. ऐकून घेऊन त्या एवढंच म्हणाल्या, "आता आम्ही बघू. कपडे पाठवा." झबली, दुपटी, तुझे गाऊन पिशवीत भरलेत. पाळणा सोडायला हात होत नाही.

मी दुपारी हॉस्पिटलात खालच्या बाकड्यावर बसेन. वर बोलावलं नाहीस तरी चालेल. शुद्धीवर आलीस की स्वप्नीलरावांना खाली पाठवून तेवढं कळव, मग मी घरी जाईन.

तुला तोंड दाखवायला लाजणारी,
आई