उशाशी वाजलेला हूटर

वर्धा,
एप्रिलअखेर

प्रिय मयुरी,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू आधी घाबरशील, म्हणून पहिल्याच ओळीत सांगते: मी धडधाकट आहे, घर जागेवर आहे आणि आग लागलेली नाही. हे व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिता आलं नसतं का, असं तू म्हणशीलच. आलं असतं. पण तिथे मी चार ओळी लिहिल्या की त्यातल्या दोन वाचून तू फोन लावतेस, आणि मला हे सगळं सलग सांगायचं आहे. तेव्हा पाय वर घेऊन बस, पाणी पी आणि शेवटपर्यंत वाच.

तुझा प्रश्न मी विसरलेली नाही. पाचवा महिना लागल्यापासून तू व्हॉट्सअ‍ॅपवर दोनदा विचारलंस, 'आई, बाळंतपणाला वर्ध्याला येऊ ना?' आणि दोन्ही वेळा मी लिहिलं, 'पाहू.' पहिलटकरणीच्या आईने 'पाहू' म्हणावं! तुझ्या सासूबाई चतुराबाईंनी मोठ्या मनाने सांगितलं की पुण्यातच होऊ द्या, मी आहे. त्या चांगल्याच आहेत, पण त्यांच्या बोलण्यात 'तुझी आई काही म्हणत नाही ना' हे होतंच, आणि ते बरोबरच होतं. वर धम्मदीपरावांनी मला परवा सरळ विचारलं, 'आई, तुमी तिच्यासंग बोलाले काऊन टाळता? फोन घेतला का मलेच मागता. ती रडून राह्यली ना इथं.' जावई असा बोलला की राग यायला हवा. मला उलट बरं वाटलं, की माझ्या लेकीची बाजू घेणारा माणूस तिच्या घरात आहे. उत्तर देते, पण ते उत्तर आपल्या हॉस्टेलातून जातं, आणि तू बसवलेल्या त्या आगीच्या अलार्मवरून जातं. तुझ्याच धंद्यातली गोष्ट आहे, कंटाळणार नाहीस.

दिवाळीच्या सुट्टीत तू डोक्याला ओढणी बांधून शिडीवर चढली होतीस ते अजून डोळ्यांसमोर आहे. खालून मी सूचना करत होते आणि तू एकही ऐकत नव्हतीस. मी म्हटलं, ती पांढरी डबी कोपऱ्यात लाव, दिसणार नाही. तू म्हणालीस, कोपऱ्यात हवा अडते, धूर तिथवर पोचायला उशीर होतो. मी म्हटलं, मग पंख्याशेजारी लाव, तिथे आधीच भोक आहे. तू म्हणालीस, पंखा धूर उडवून लावेल. स्वयंपाकघरात तर तू धुराची डबी लावलीच नाहीस, उष्णतेची लावलीस, कारण फोडणी दिली की रोज बोंब उठेल आणि आठ दिवसांत तानाबाई त्या डबीला फडकं बांधून मोकळी होईल. तानाबाईचा स्वयंपाक आणि तिचा स्वभाव, दोन्ही तू बरोबर ओळखलेस. पॅनेल आणि त्याचा हूटर माझ्या खोलीत, उशाच्या वरच्या भिंतीवर. वीज गेली तरी चालावं म्हणून त्यात बॅटरी. आणि रंगकाम झाल्यावर कैलास पेंटरने डब्यांवर घातलेल्या प्लॅस्टिकच्या टोप्या मी तशाच ठेवल्या होत्या, नवी वस्तू नवी राहावी म्हणून, तेव्हा तू केवढी ओरडली होतीस! टीव्हीच्या रिमोटचं प्लॅस्टिक मी अजून काढलेलं नाही, हा भाग वेगळा. पण डब्या तेव्हापासून उघड्या डोक्याने आहेत, आणि दर महिन्याला मी स्टुलावर चढून त्यांची धूळ पुसते.

जाताना तू सगळ्या पोरींना व्हरांड्यात बसवून सांगितलंस ते मला तोंडपाठ आहे. हे यंत्र आग विझवत नाही. धूर त्याच्यापर्यंत पोचला तरच ते ओरडतं, बंद दाराआडचा धूर त्याला कळत नाही. आणि ते ओरडलं तरी माणसाला ऐकावं लागतं, उठावं लागतं आणि दार उघडावं लागतं. मग तू सराव घेतलास. मी अंगणात उभी होते. पोरी रांगेने खाली आल्या, कॉलेजात शिकणाऱ्या एवढ्या मोठ्या मुली कानांवर हात ठेवून हसत होत्या, मी टाळ्या वाजवल्या. सगळं छान झालं. बघ ना, त्या दिवशी तुलाही काही कळलं नाही आणि मलाही.

आता परवाच्या रविवारचं ऐक. भर दुपार, त्रेचाळीसचं ऊन, कूलर सुरू. वानरं या वर्षी फार माजली आहेत. दुपारी सामसूम दिसली की सरळ व्हरांड्यात येतात आणि पोरींचे कपडे, डबे, काय सापडेल ते नेतात. म्हणून जेवणं झाली की मी फाटकाला आतून कुलूप घालते आणि किल्ली उशीखाली ठेवून आडवी होते. त्या दिवशी तानाबाईने ठेच्यासाठी मिरच्या भाजायला घेतल्या आणि उकडतं म्हणून स्वयंपाकघराचं दार सताड उघडं ठेवलं. धूर बाहेर आला, व्हरांड्यातल्या डबीने आपलं काम केलं, हूटर वाजला. पोरींनीही आपलं काम केलं. तू शिकवलंस तशा, सामान न घेता, खोल्यांची दारं ओढून सगळ्या खाली फाटकापाशी आल्या. आणि फाटकाला कुलूप.

मी झोपले होते, मयुरी. हूटर माझ्या उशाच्या वर, हात लांबवला तर लागेल इतका जवळ, आणि मी झोपले होते. पोरींपैकी काजल खिडकीची जाळी बडवत होती. शेवटी आचलने आत येऊन माझा खांदा धरून गदागदा हलवलं तेव्हा मी डोळे उघडले. तिचं तोंड हलत होतं, चेहरा पांढरा पडला होता, आणि भिंतीवर लाल दिवा लुकलुकत होता. तो दिवा पाहून मला कळलं. किल्ली घेऊन धावले, कुलूप उघडलं, पोरींना रस्त्यापलीकडच्या कडुनिंबाखाली उभं केलं, डोकी मोजली. मग तानाबाई पदराने डोळे पुसत, खोकत बाहेर आली आणि म्हणाली, 'काई नाई झालं वो बाई, मिरच्याच तं भाजून राह्यलती!' पोरी हसायला लागल्या. आचल म्हणाली, 'मॅडम, तुमाले लयच गाढ झोप लागते.' मीही हसले. पण तिथेच पारावर बसले आणि डोकी पुन्हा मोजली. मिरच्यांऐवजी वरच्या मजल्यावर गादी पेटली असती तर काय झालं असतं, हे मी तुला सांगायला नको.

संध्याकाळी सगळ्यांनी कूलरला दोष दिला. मीही दिला असता, सोयीचं होतं. पण मी शाळेत बत्तीस वर्षं काढली, आणि पोरांनी दिलेलं पहिलं कारण मी कधीच खरं मानलं नाही. दुसऱ्या दिवशी कूलर बंद केला, पंखा बंद केला, तानाबाईला सोबत उभं केलं आणि पॅनेलचं चाचणीचं बटण दाबलं. लाल दिवा लागला. तानाबाईने दोन्ही हातांनी कान दाबून धरले आणि भिंतीला टेकली. मला मात्र कुठेतरी डास गुणगुणावा तेवढंच काहीतरी वाटलं. बटण सोडलं तर तेही गेलं. मी पुन्हा दाबलं. तानाबाई म्हणाली, 'बाई, पुरे ना आता, कान फाटले माये.' मी बटण सोडलं. ज्या बाईचे कान म्हणजे शाळेचा दरारा होता, फळ्याकडे तोंड करून जी मागच्या बाकावर कुजबुजणाऱ्याचं नाव घ्यायची, तिची ही गत!

रडले. एकदाच रडले, अर्धा तास, तेही दार लावून. मग उठून ऑटोने सेवाग्रामला गेले. दवाखान्यात त्यांनी एका बंद खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन घातले आणि सांगितलं, आवाज आला की बटण दाबा. काही वेळाने माझ्या लक्षात आलं की मी आवाज ऐकून बटण दाबतच नाहीये, समोरच्या मुलीचा हात हलला की दाबते आहे. तिच्याही लक्षात आलं. तिने माझी खुर्चीच भिंतीकडे फिरवली. आयुष्यभर दुसऱ्यांची कॉपी पकडली आणि साठी उलटल्यावर स्वतः पकडले गेले! मग डॉक्टरीणबाईंनी आलेख दाखवला. जाडे आवाज बहुतेक शाबूत आहेत. बारीक, टोकदार आवाजांकडे रेघ घाटासारखी खाली उतरते. वयाने बहुतेकांचं असंच होतं, म्हणाल्या, बारीक आवाज आधी जातात, म्हणून घरातल्या माणसांनाही पटत नाही की ऐकू येत नाही. आणि हे हूटर नेमके बारीकच असतात. कानाचं मशीन घ्यायला सांगितलं आहे, पुढच्या आठवड्यात मिळेल. लावणार आहे, लाज कसली, चष्मा लावतेच की. पण झोपताना ते काढून ठेवायचं असतं.

तेव्हा कुलपाचा निकाल मी लगेच लावला. भूपेंद्र वेल्डिंगवाल्याला बोलावून फाटकाला आतून खटका बसवून घेतला, किल्लीशिवाय कोणालाही एका हाताने उघडता येतो. वानरांचा हात पोचू नये म्हणून भोवती पत्रा मारला. काजलचे वडील अण्णाजी जाम गावाहून मुद्दाम भांडायला आले, 'कुलूपच नाई त मंग पोरीचं हॉस्टेल कायचं?' मी म्हटलं, कुलूप चोरासाठी असतं, पोरींसाठी नाही, आणि तुमची लेक आगीत अडकलेली चालेल पण बाहेर गेलेली चालणार नाही असं असेल तर आजच तिला घरी न्या. चहा घेऊन गेले. पोरींनाही मी व्हरांड्यात बसवून सगळं सांगितलं, की तुमच्या मॅडमला हूटर ऐकू येत नाही. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? वाटलं होतं, हसतील. आचलने फक्त विचारलं, 'मंग आमी कोनी उठवाचं तुमाले, ते ठरवून घेऊ ना.' आता आचल आणि काजल आळीपाळीने माझ्या शेजारच्या खोलीत झोपतात. पोरींचं हॉस्टेल मी बंद करणार नाही, आणि दुसऱ्या कोणाच्या हातीही देणार नाही. माझ्या हातून ते नीट चालतं.

आणि आता तुझं उत्तर. मयुरी, तुझा आवाज लहानपणापासून बारीक आहे. धम्मदीपरावांचा जाडा आहे. त्यांचं फोनवरचं प्रत्येक वाक्य मला कळतं, तुझं गेल्या होळीपासून कळत नाही. तू हॅलो म्हणतेस एवढं समजतं, पुढे नुसती सळसळ येते. मी हूं हूं करते आणि तू रडत असलीस तरी हूं हूंच करत असेन, या भीतीने फोन त्यांना द्यायला सांगते. हे पत्र यासाठी आहे, की ही गोष्ट मला फोनवर सांगताच आली नसती. आणि 'पाहू' का म्हणाले, तर कानांची शंका मला तुझ्या फोनवरूनच आली होती, आणि रोज झोपताना मला एकच दिसत होतं: तू बाळंतीण, थकून झोपलेली, बाळ शेजारी रडतं आहे आणि त्याची आजी हात लांबवला तर लागेल इतक्या जवळ शांत झोपली आहे. दार लावून रडले ते यासाठीच, कानांसाठी नाही. पण जे पोरींसाठी जमवलं ते नातवंडासाठी जमणार नाही, असं कसं होईल? ऐकू न येणाऱ्यांसाठी लखलखणारा दिवा असतो, उशीखाली ठेवायची हादरणारी चकती असते, हे तूच मला कधीतरी सांगितलं होतंस. दोन्ही घेऊन ये. एक हूटरला जोड, एक पाळण्याला. आणि यंत्रावर सगळा भार टाकायचा नाही, म्हणून तानाबाई आपल्याच खोलीत झोपणार आहे, तिला मुंगी चालली तरी जाग येते. बाकी माझे हात शाबूत आहेत, कंबर शाबूत आहे, बाळाला न्हाऊ मीच घालणार. चतुराबाईंना माझा नमस्कार सांग, आणि सांग की मयुरीची आई म्हणते आहे, माझी लेक सातव्या महिन्यात माझ्या घरी येणार. फोन करू नकोस. ये.

तुझीच, आणि आता तुझ्या बाळाचीही वाट पाहणारी,
आई