केशरबाईंचं नाव आता कंपनीकडे आहे

उधना, सुरत
ता. ११ मे १९९७

तीर्थस्वरूप हिलाल दाजी यांना धाकटा मेहुणा छगन याचा दंडवत.

इकडे सगळे ठीक, म्हणजे कुणी अंथरुणाला खिळलेलं नाही. तुमचा गुडघा कसा आहे? ताईने कळवलं होतं की तुम्ही एरंडाची पानं बांधता आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सोडून दाखवता. सोडू नका, त्याने गुण जातो. अमळनेरला ऊन फार असेल. इथे ऊन कमी पण घाम जास्त, आणि आमची ही, रंजना, म्हणते की मी कामाशिवाय घामाघूम होणारा सुरतेतला एकमेव माणूस आहे. ते का, हे पुढे येईलच.

चेतनच्या साखरपुड्याला तुम्ही गुडघ्यामुळे आला नाहीत आणि तुमच्यामुळे ताई आली नाही, म्हणून पोपटभाऊ रुसला होता. (नवऱ्यामुलाचा बाप असल्याने त्याला तेवढाच हक्क होता.) आता त्याचा रुसवा गेला आहे. तिथे काय घडलं ते अमळनेरपर्यंत उडत उडत पोचलंच असेल, आणि त्यात आईने कंपनीच्या साहेबाला मांडवातून हाकललं असंही असेल. दाजी, तसं काही झालं नाही. हाकललं असतं तर बरं झालं असतं. काय झालं ते मुळापासून लिहितो. निम्मं तुम्हाला ठाऊक आहे, पण ते निम्मं लिहिल्याशिवाय माझी गाडी पुढे जात नाही.

आमचे बापू लूमवर कामाला होते आणि सुट्टीच्या दिवशी गोटीच्या सोड्याची हातगाडी लावायचे. गाडी रंगवायला घेतली तेव्हा पेंटरने विचारलं, नाव काय टाकू? बापू घरात आईला 'अवं' म्हणून हाक मारायचे. लग्नातला उखाणा सोडला तर त्यांनी तिचं नाव घेतलं ते त्या पेंटरसमोर: केशर. पुढे उधन्यात शेड झाली, मशीन आलं, बाटलीवर छापील नाव आलं, पण सोड्यातला जिरं-सुंठ-सैंधवाचा मसाला आईच वाटायची. पाळी सुटली की लूमवरची आपली खान्देशी माणसं शेडपाशी यायची, आणि बाजारातले गुजराती शेठसुद्धा दुकानदाराला 'एक केसर आपो' म्हणायचे. आई बाजारात असली की पदर सावरून मागे वळून बघायची. (इतकी वर्षं झाली तरी तिला ते आपल्यालाच बोलावतात असं वाटायचं.)

मग प्लेगचं साल आलं. अर्धी सुरत गाड्या भरभरून गावी पळाली, लूम थंडावले, आणि आमच्या शेडपुढची गर्दी गेली ती पुन्हा पहिल्यासारखी जमलीच नाही. तोवर मोठ्या कंपन्यांनी दुकानदारांना फुकट फ्रिज वाटले होते. अट एकच, आत फक्त त्यांच्या बाटल्या. आमचा केशर बाहेर उन्हात उभा राहून गरम व्हायचा आणि गिऱ्हाईक गार बाटली उचलून जायचं. यात दुकानदाराचाही दोष नाही. मीसुद्धा गारच उचलली असती.

अशात मुंबईच्या एका कंपनीचे साहेब आले. गोरे, गोड बोलणारे. केशरचा घोट घेऊन डोळे मिटून म्हणाले, "ये तो दिल्ली तक जाना चाहिए." पोपटभाऊ त्याच दिवशी चौकातून भारताचा नकाशा घेऊन आला आणि सुरतेपासून दिल्लीपर्यंत लाल पेन्सिलीने रेघ ओढून बसला. कंपनी मशीन घेणार, नाव घेणार, आम्हा दोघा भावांना सल्लागार म्हणून ठेवणार. बापू तोवर गेलेले; आईला विचारलं तेव्हा ती म्हणाली, तुम्हाला कळतं ते करा. आम्ही ते होकार म्हणून धरलं.

सुरतेजवळच्या सचिन गावच्या औद्योगिक वसाहतीत कंपनीचा कारखाना आहे. तिथे आम्हाला एक टेबल, दोन खुर्च्या आणि डोक्यावर पंखा मिळाला. दाजी, सल्लागार म्हणजे ज्याला कुणी काही विचारत नाही असा माणूस. इतक्या दिवसांत आमचा सल्ला एकदाच घेतला गेला, कॅन्टीनसाठी बटाटे बारडोलीहून आणावेत की कामरेजहून. पोपटभाऊने तोही मनापासून विचार करून दिला. सुरुवातीला केशर निघत होता. मग महिन्याआड निघू लागला. मग साहेब म्हणाले, थोड्या दिवसांसाठी थांबवतोय. आणि एका सकाळी बघतो तर दुकानादुकानांतून गोळा केलेल्या आमच्या सगळ्या बाटल्या कारखान्याच्या मागच्या आवारात उभ्या. त्या फोडायच्या होत्या. काचेचा अनुभव म्हणून देखरेखीला आम्हा दोघांना उभं केलं.

मजूर क्रेटच्या क्रेट उपडे करत होते, आणि पोपटभाऊ सवयीने ओरडत होता, "हळू रे, हळू, काच आहे." मजुरांना आधी कळेना, मग हसू आवरेना. एकाने खरंच हळू फोडायला घेतलं. मीही हसलो. नंतर भाऊ नळावर गेला तो बराच वेळ तोंडच धूत राहिला, तेव्हा माझं हसू थांबलं. आईला काय सांगायचं हे ठरत नव्हतं, म्हणून काहीच सांगितलं नाही. तिला ते दुकानदाराने सांगितलं.

आता साखरपुड्याचं. मांडव आमच्याच रिकाम्या शेडपुढे घातला होता. साहेबांना बोलवावं लागलं आणि ते आलेही, वर भेट म्हणून कंपनीच्या बाटल्यांचा टेम्पो घेऊन. तोवर आईने पहाटे उठून मसाला वाटला होता आणि पाहुण्यांसाठी पिंपभर लिंबाचं सरबत केलं होतं. चेतनच्या मित्रांनी हौसेने त्यावर पुठ्ठा लावला: 'केशर, आमच्या आजीचा'. पाहुणे तिकडेच लोटले. टेम्पोजवळ व्याही तेवढे सभ्यपणाने उभे.

साहेब एका हातात वरण-बट्टीचं ताट घेऊन पिंपापाशी आले. पुठ्ठा वाचला. माणूस वाईट नाही, दाजी. फार अवघडून, आवाज खाली आणून आईला म्हणाले, "माँजी, बुरा मत मानना. ये नाम अब कंपनी का है. गुजरात में इस नाम से आप लोग शरबत नहीं बाँट सकते."

आईने माझ्याकडे पाहिलं. मी बट्टीकडे पाहिलं. मग ती अगदी शांतपणे अहिराणीत म्हणाली, "मंग आते मन्हं नाव काय शे, तेबी सांगी दे ना भाऊ."

साहेबांना भाषा कळली नाही. त्यांनी मला विचारलं, काय म्हणाल्या? मी म्हणालो, जेवून जा म्हणाल्या. आईने पुठ्ठा स्वतःच्या हाताने काढला, घडी केली आणि सरबत वाटत राहिली. एवढंच झालं. कुणी हाकललं नाही, कुणी आवाज चढवला नाही.

पण तेव्हापासून कुणी केशरबाई म्हणून हाक मारली की ती ओ देत नाही. शेजारच्या पुष्पाबाई दारात ताटकळून गेल्या. रेशनच्या दुकानात तिने बापूंचं नाव पुढे करून 'सखारामनी बायको' म्हणून सांगितलं. दुकानदार म्हणाला, हे तर कार्डावर नाही. आई म्हणाली, ते सचिनला जाऊन विचार. रंजनाला हे ऐकून हसू आलं आणि मग ती स्वयंपाकघरात जाऊन रडली. आम्ही दोघा भावांनी सल्लागारी सोडली. (सोडली हे कंपनीच्या लक्षात आलं की नाही, माहीत नाही.) मी आता घरी असतो आणि घाम पुसतो. धंदा गेल्याचं दुःख आहेच, दाजी, पण धंदे सगळ्यांचेच जातात. बापूंनी एवढी लाज सोडून जे नाव एकदा उच्चारलं, ते आम्ही ठेवून घेऊ शकलो नाही, हे फार लागतं.

असो. गुडघ्याला जपा. ताईला नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

आपला
छगन

ता. क. साहेब 'गुजरात में' म्हणाले होते, ते पोपटभाऊने वकिलाला विचारून घेतलं. करार खरंच गुजरातपुरताच आहे. अमळनेर महाराष्ट्रात येतं, हे मी तुम्हाला सांगायला नको. तुमच्या घरामागची शेड कडब्याने भरलेली असते. कडबा बाहेरही छान राहतो, असं ऐकतो.

ता. क. दुसरा. पत्र आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, जावयाकडे असं आडून मागतात का, मीच जाऊन सांगते. लेकीच्या घरचं पाणी पितानाही संकोचणारी ही बाई आज सकाळच्या भुसावळ पॅसेंजरने पोपटभाऊला घेऊन निघालीसुद्धा. म्हणजे हे पत्र पोचेल तेव्हा कडबा बाहेर निघालेला असेल. नाही म्हणायचं असल्यास तिलाच म्हणा, आमच्याने होत नाही.

ता. क. तिसरा आणि शेवटचा. नव्या बाटलीवर काय नाव टाकायचं ते तिने निघण्याआधीच ठरवलं आहे: हिलाल सोडा. आम्ही विचारलं, तिकडे तर केशर चालतं, मग दाजींचं का? तर आमच्या विक्रीचा टोमणा मारत म्हणाली, "आईनं नाव इकं तुम्ही. जावाईनं नाव इकानी हिंमत कोणी करस का, ते देखसू."