ताठ उभे राहिल्याबद्दल खुलासा

प्रति,
मा. अध्यक्ष,
अपील वैद्यकीय मंडळ (माजी सैनिक),
पुणे.

अर्जदार : उत्तरेश्वर दिगंबर ढवळे, माजी हवालदार, रा. लोणी काळभोर, ता. हवेली, जि. पुणे.

विषय : दि. १२ ऑगस्ट २००३ रोजी फेरतपासणी मंडळासमोर मी ताठ उभा राहिलो, त्याचा खुलासा; व दि. २२ जून २००४ रोजीच्या अंतिम तपासणीबाबत विनंती.

संदर्भ : माझे पहिले अपील फेटाळल्याचे आपल्या कार्यालयाचे पत्र, दि. १९ जानेवारी २००४.

महोदय,

१. मी सतरा वर्षे फौजेत सेवा केली. सन १९९८ मध्ये डोंगरी रस्त्यावर आमची गाडी घसरून माझ्या कमरेचे दोन मणके सरकले व डाव्या पायाची नस दबली. त्या वेळच्या मंडळाने तीस टक्के अपंगत्व धरून मला घरी पाठवले. पाच वर्षांनी फेरतपासणी झाली, तेव्हा तेच अपंगत्व वीस टक्क्यांच्या आत आले आणि त्यामुळे अपंगत्वाचे निवृत्तिवेतन बंद झाले. कमर खरोखर सुधारली असती तर मी आपल्याकडे पेढे घेऊन आलो असतो, अर्ज घेऊन नव्हे. २२ तारखेच्या निकालावर पुढे अपील नाही, असे आपले पत्र म्हणते. मागचे अपील मी कॅम्पातल्या टायपिस्टकडून इंग्रजीत करून घेतले होते. त्याने ते वाचून दाखवले तेव्हा त्यातल्या माणसाची मला दया आली, पण तो मी आहे असे काही वाटेना. म्हणून या वेळी मराठीत लिहीत आहे.

२. फेरतपासणीच्या अहवालात माझ्याविषयी असे नमूद आहे : अर्जदार विनाआधार, ताठ, सुमारे दहा मिनिटे उभा होता, चेहऱ्यावर वेदनेचे चिन्ह नव्हते, विचारले असता त्रास नाही म्हणाला. महोदय, यातले एकही वाक्य खोटे नाही. माझी अडचण तीच आहे.

३. मी खुर्चीवर बसलो होतो. कर्नलसाहेब गणवेशात आत आले. मी उठलो आणि सावधान झालो. उठायचे असे मी ठरवले नव्हते. पाय आपोआप उठले. त्याच दिवशी कार्यालयात नवीन संगणक बसवला होता व त्यात माझा क्रमांक सापडत नव्हता. सर्व साहेब संगणकाभोवती जमले. मला कोणी ‘बसा’ म्हणाले नाही, ‘विश्राम’ही म्हणाले नाही. हुकूम नसताना मी बसणार कसा? दहा मिनिटांनी क्रमांक सापडला. साहेबांनी मान वर करून विचारले, “कोई तकलीफ?” मी म्हणालो, “नहीं साहब.” या प्रश्नाला दुसरे उत्तर असते हे सतरा वर्षांत मला कोणी शिकवले नाही.

४. त्यानंतर मी बाहेर आलो आणि व्हरांड्यात कोसळलो. माझी पत्नी चंद्रभागा व तेथील चहावाला यांनी मला बाकावर आडवे केले. तासभर डावा पाय माझा नव्हता. याची अहवालात नोंद नाही, कारण तोवर अहवालावर सही झाली होती.

५. माझे पहिले अपील फेटाळताना असे कळवले आहे की, अर्जदार हडपसरजवळील संगणक कंपनीच्या फाटकावर उभे राहून पहारा करतो, सबब उभा राहू शकतो. हेही खरे होते, फेब्रुवारीपर्यंत. एके दिवशी मी गाड्यांची तपासणी करत पुढे गेलो आणि मागून कंपनीतली एक मुलगी ओरडली, “काका, तुमची चप्पल राहिली मागे!” पायातून चप्पल निघून गेल्याचे मला कळले नव्हते. दुसऱ्याच दिवशी पहारा पुरवणाऱ्या एजन्सीने मला त्यांच्या डॉक्टरकडे पाठवले. त्यांनी आपण पाहिलेलाच एक्स-रे पाहिला व ‘उभ्याच्या कामास अपात्र’ असा दाखला दिला. माझी नोकरी गेली. आज माझ्याकडे दोन कागद आहेत. एकाप्रमाणे मी उभा राहू शकतो म्हणून निवृत्तिवेतन नाही. दुसऱ्याप्रमाणे उभा राहू शकत नाही म्हणून नोकरी नाही. कमर मात्र एकच आहे. दोन कागदांपैकी कोणता खरा, एवढे जरी कृपया कळवले तरी मी त्याप्रमाणे वागेन.

६. २२ तारखेस पुन्हा तीच चूक होऊ नये म्हणून आम्ही घरी सराव केला. चंद्रभागा दारातून आत यायची आणि दटावायची, “सायेब आलं तरी उठायचं न्हाई. चिकटून बसायचं. दुखतंय का इचारलं तर व्हय म्हणायचं, लाजायचं न्हाई.” तिच्यासमोर मी चार दिवस उत्तम बसलो. मग आम्ही शेजारचे निवृत्त नायब सुभेदार बजरंग शितोळे यांना विनंती केली. ते ट्रंकेतला गणवेश चढवून दारात आले. मी उठलो, सावधान झालो आणि तसाच पुढे पडलो. हनुवटीला तीन टाके पडले. शितोळे यांना इतके वाईट वाटले की ते त्या दिवसापासून आमच्या घरी येत नाहीत. मला भीती वाटते, महोदय. दुखण्याची सवय झाली आहे. २२ तारखेला मी पुन्हा चांगला दिसेन याची भीती वाटते.

७. सबब विनंती की, तपासणीच्या वेळी मंडळाच्या सदस्यांनी साध्या कपड्यांत यावे. ते नियमात बसत नसेल तर मला आधीच टेबलावर पालथे झोपवून मग दार उघडावे. पाठ पाहायची आहे, तोंड नाही पाहिले तरी चालेल. तेही शक्य नसेल तर चंद्रभागेला आत घ्यावे व तकलीफ आहे का, हा प्रश्न तिला विचारावा. ती फौजेत नव्हती, त्यामुळे खरे सांगेल.

८. यांपैकी काहीच मंजूर करता येत नसेल तर एकच करावे. आपण आत येण्यापूर्वी दाराबाहेरून, मला ऐकू येईल अशा आवाजात, “हवालदार, बैठे रहो” असा हुकूम द्यावा, आणि त्यापाठोपाठ “सच बोलो” असा दुसरा. मी आजवर एकही हुकूम मोडलेला नाही.

आपल्या हुकमाच्या प्रतीक्षेत,

(सही)
उत्तरेश्वर दिगंबर ढवळे
माजी हवालदार
लोणी काळभोर, दि. ५ जून २००४

सोबत :
१. फेरतपासणी अहवालाची प्रत
२. एजन्सीच्या डॉक्टरांचा दाखला
३. हनुवटीच्या टाक्यांची दवाखान्याची चिठ्ठी
४. कमरेचा एक्स-रे (पाहून परत द्यावा, दुसरा काढायचा तर ताठ उभे करतात)